खालच्या माणसाची इंग्रजी

सत्तरीला टेकलेला स्तामेन दोब्रेव इंग्रजी शिकायला निघाला, तेव्हा सेव्लिएवो गावाला हसायला एक विषय मिळाला. एरवी आमच्या गावात हसण्यासारखे फार काही घडत नाही. तरणीताठी माणसे परदेशात, म्हातारी बाकांवर, आणि मधल्या वयाचे कुणी दिसलेच तर ते कुणाला तरी पोचवायला आलेले असते. शेजारचा पेन्यो फाटकावर रेलून रोज विचारायचा, "काय स्तामेन, कुठवर आलं इंग्रजी? राणीशी बोलण्याइतकं आलं का?"

"राणी कोलांट्या मारते का? मग तिच्याशी मी काय बोलणार?" असे म्हणून स्तामेन टोपी सारखी करायचा आणि चालू लागायचा.

पेन्योला ती थट्टा वाटायची, पण ती थट्टा नव्हती. स्तामेनला इंग्रजीतले फक्त कोलांट्यांचे शब्द शिकायचे होते. उडी, गिरकी, हातांवर पालथे होणे, हवेत अंगाची मोट बांधणे, ती सोडणे, पायांवर येणे. एवढे आले की पुरे. बाकीची भाषा इंग्रजांनी आपल्याकडे ठेवून घ्यावी, त्याची ना नव्हती.

शिकवणारी होती नेवेना बाई. शाळेतून निवृत्त झालेली, एकटी, जिभेला धार असलेली. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिल्याच दिवशी तिने मुलांचे चित्रांचे पुस्तक उघडले आणि म्हणाली, "म्हणा. माझं नाव स्तामेन. तुझं नाव काय?"

"बाई, तिचं नाव मला ठाऊक आहे. आजोबा आहे मी तिचा."

"अहो, भाषा अशीच शिकतात. आधी नमस्कार, मग कशी आहेस, मग हवापाणी."

"हवापाणी तिची आई सांगते मला. तुम्ही उड्या सांगा."

"आणि पोरीला भूक लागली, पोट दुखलं, तर काय उडी मारून विचारणार?"

"लागत नाही हो एवढं. सर्कशीच्या तंबूत तीस वर्षं काढलीत मी. हंगेरीचे होते, पोलंडचे होते, एक उझबेक तर असा होता की त्याची भाषा त्याच्या बायकोलाही यायची नाही. पाव मागायला शब्द नव्हता कुणाकडे. पण उडीचे शब्द सगळ्यांना एकच. भागलं की आमचं!"

भागले होते हे खरे. त्या मूठभर शब्दांवर माणसांनी एकमेकांच्या हाती जीव दिला, लग्ने केली, भांडणे मिटवली. धंद्याचे शब्द जुळले की माणसे जुळली, अशी स्तामेनची पक्की समजूत होती. अशी समजूत तंबूत आयुष्य काढलेल्या माणसाचीच असू शकते. सुताराला किंवा न्हाव्याला असे कधी वाटायचे नाही. पण त्याला कोण सांगणार? सांगणारी रुसाना, त्याची बायको, चार वर्षांपूर्वी गेली होती.

या खटाटोपाचे कारण लीड्समध्ये होते. त्याची मुलगी बिस्त्रा तिकडे कामाला गेली, तिथल्याच माणसाशी लग्न करून बसली, आणि तिला फ्रेया झाली. फ्रेयाला आमच्या भाषेतला एकच शब्द यायचा, "द्यादो", म्हणजे आजोबा. दर रविवारी बिस्त्रा फोनवर चेहरा दाखवायची, मग फोन पोरीच्या हातात द्यायची. पोरगी म्हणायची, "हॅलो, द्यादो." स्तामेन म्हणायचा, "हॅलो." मग दोघे एकमेकांकडे बघत बसायचे. पोरीची नजर हळूहळू बाजूला जायची, जशी ती समोर कुणीच नसताना जाते. ही नजर स्तामेनच्या ओळखीची होती. बिस्त्रा लहानपणी आजीकडे वाढली आणि आईबाप वर्षभर तंबूबरोबर फिरत राहिले. हिवाळ्यात घरी आलेल्या बापाकडे ती अशीच बघायची. मुलगी त्याच्या हातून निसटली ती निसटलीच. नातही तशीच जाणार असे त्याला दिसत होते, आणि ते त्याला सहन होण्यासारखे नव्हते.

मग मागच्या वर्षी बिस्त्राने एक व्हिडिओ पाठवला. लांबलचक गादीच्या पट्ट्यावर फ्रेया धावत येते, हात टेकते, पालथी होते, सुलटी होते, पुन्हा पालथी, आणि शेवटी उंच हवेत गोल फिरून दोन पायांवर खिळा ठोकल्यासारखी उभी राहते. स्तामेनने तो इतक्या वेळा पाहिला की फोन तापला.

त्याला कोलांट्यांचे काय कौतुक, असे कुणालाही वाटेल. पण स्तामेन होता खालचा माणूस. चार माणसांचा मनोरा त्याच्या खांद्यांवर उभा राहायचा आणि उडी मारणारा सर्वांत वर येऊन टेकायचा. खालच्या माणसाने वर बघायचे नाही, नजर समोर ठेवायची. त्याने मान वर केली की मनोरा कोसळलाच. तेव्हा तीस वर्षांत त्याने समोरच्या रांगेतले लोकांचे चेहरे पाहिले, उडी एकही पाहिली नाही. डोक्यावर काय घडते ते त्याला खांद्यांना कळायचे. फ्रेयाची उडी त्याने बाजूने, निवांत, पहिल्यांदाच पाहिली, आणि एवढे सुंदर काहीतरी आपल्या डोक्यावर चालले होते हे कळून त्याला रडू आले.

म्हणूनच शिकवणी अवघड झाली. नेवेना बाई जाडजूड कोश उघडून अर्थ वाचायची आणि स्तामेनला तो डोळ्यांपुढे आणता यायचा नाही.

"कार्टव्हील. म्हणजे गाडीचं चाक. हात टेकून अंग चाकासारखं बाजूला फिरवायचं."

"हे समजलं. पुढे."

"राउंड-ऑफ. धावत येऊन हात टेकायचे, पाय वरून आणायचे, मधेच अंग वळवायचं, आणि जिकडून आलो तिकडे तोंड करून दोन्ही पायांवर उतरायचं. अंडरस्टँड?"

हे "अंडरस्टँड?" तिचे पालुपद होते. कळले का, एवढे विचारायला तिला दुसरा शब्द सुचायचा नाही.

"दोन्ही पाय एकदम येतात का एकामागून एक?"

"एकदम."

"मग बरोबर. आमचा उडी मारणारा इलिया असाच यायचा. धप्प करून."

एकदा "हँडस्प्रिंग" काही केल्या उमजेना. हातांवर जोर देऊन अंग फेकायचे ते पुढे की मागे, यावर दोघांची जुंपली. शेवटी बाई वैतागून उठली, एप्रन खोचला, फरशीवर हात टेकले आणि म्हणाली, "हे असं! आता धरा मला, नाहीतर कोशाबरोबर मलाही मिटवावं लागेल." स्तामेनने तिची कंबर धरली, आणि नेमका त्याच घटकेला पेन्यो उसना बत्ता मागायला खिडकीशी आला. संध्याकाळपर्यंत गावात सर्वांना कळले की इंग्रजी फार झपाट्याने पुढे चालली आहे.

"टंबल" या शब्दाला कोशात दोन अर्थ सापडले. कोसळणे, गडगडत खाली येणे; आणि कोलांट्या मारणे. स्तामेन चिडला. "पडणं आणि उडणं एकच? डोकं ठिकाणावर आहे का या लोकांचं?"

"माझ्यावर कशाला ओरडता? मी नाही केलेली भाषा."

पण एक शब्द त्याला फार आवडला. "स्पॉटर". उडी मारणाऱ्याजवळ उभा राहून त्याला सांभाळणारा. नुसते उभे राहणाऱ्यालासुद्धा इंग्रजांनी एक नाव दिले आहे, याचे त्याला बरे वाटले. त्या दिवशी घरी जाताना तो वाटेत तेवढाच शब्द घोळवत गेला. मग घरात, स्वयंपाक करताना, अंगणात टोमॅटोंना पाणी घालताना तो सगळे शब्द मोठ्याने म्हणू लागला. समरसॉल्ट! ट्विस्ट! टक! चार वर्षांत त्या घरात कुणी मोठ्याने काही बोलले नव्हते. कोंबड्या आधी बुजल्या, मग त्यांनाही सवय झाली.

ऑगस्टमध्ये बिस्त्रा आणि फ्रेया आल्या. बिस्त्राच्या नवऱ्याला सुट्टी नव्हती. स्तामेनने आदल्या दिवसापासून मिरच्या भाजून सोलल्या होत्या, पेन्योच्या बायकोकडून चीज भरलेली पापुद्र्यांची बानित्सा करवून घेतली होती. पोरगी फोनमधल्यापेक्षा उंच निघाली. तिने गालाला गाल लावला आणि चटकन मागे सरकली. तिचे एक मनगट दुसऱ्यापेक्षा किरकोळ दिसते हे स्तामेनला दिसले, पण तो आपल्याच नादात होता.

जेवायला बसल्यावर त्याने घसा खाकरला, उभा राहिला, आणि म्हणाला, "फ्रेया! राउंड-ऑफ! हँडस्प्रिंग, हँडस्प्रिंग, समरसॉल्ट! व्हेरी गुड!" आणि टाळ्या वाजवल्या.

पोरीच्या हातातला काटा तसाच राहिला. ती आईकडे बघून काहीतरी पुटपुटली, खुर्ची मागे सारली आणि आत निघून गेली.

"काय झालं? चुकलं का काही?"

बिस्त्राने कपाळाला हात लावला. "बाबा, एप्रिलमधे पडली ती. मनगट मोडलं. तेव्हापासून कोलांट्यांच्या क्लबाचं नाव काढू देत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही काय केलं असतंत? हात कसे टेकायचे त्याचा पाठ दिला असतात." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तिचा शिकवणारा जागेवर नव्हता. उडी चालू असताना तिथे उभं राहायचं सोडून बाजूला गेला. मी तक्रार केली आणि घालवला त्याला. पोरीच्या जिवाशी खेळ म्हणजे काय?"

स्तामेनने होकार म्हणून मान हलवली. खाली उभा राहणारा बाजूला जातो, म्हणजे काय म्हणावे त्याला!

"आणि बाबा, ती बघत असताना मान अशी नका हलवू. तिला ते 'नाही' असं वाटतं."

आमच्याकडे हो म्हणायचे तर मान आडवी हलवतात आणि नाही म्हणायचे तर हनुवटी वर उचलतात. सारे जग याच्या उलट करते म्हणे. आम्हाला तर जगच उलटे वाटते.

पुढचे दिवस स्तामेनला खायला उठले. घर भरलेले, आणि एकटेपणा आधीपेक्षा जास्त. पोरगी द्राक्षाच्या मांडवाखाली फोन घेऊन बसायची. तो समोर खुर्ची टाकायचा, आणि त्याच्याकडे शब्द होते ते नेमके तिला नको असलेले. कशी आहेस, हे त्याला विचारता येत नव्हते. भूक लागली का, हेही नाही. नेवेना बाईने पहिल्या दिवशी जे जे समोर ठेवले होते आणि त्याने झिडकारले होते, त्या प्रत्येकाची आता गरज पडत होती. जेवणाचे ताट आणायचे सोडून नुसती लोणच्याची बरणी घेऊन आलेल्या माणसासारखी त्याची गत झाली.

तो बाईकडे धावला. "हात दुखतो का, याला काय म्हणतात?"

"आता आठवलं का?" बाई म्हणाली, पण शिकवले. वाक्य तोंडात घोळवत तो घरी निघाला, वाटेत पेन्यो भेटला, मिरच्यांचा भाव सांगू लागला, आणि फाटकाशी पोचेपर्यंत वाक्यातला पहिला शब्द तेवढा उरला. "डझ?" तो फ्रेयाला म्हणाला. तिने खांदे उडवले.

एका दुपारी बिस्त्रा जुन्या मैत्रिणीकडे गेली. स्तामेनने पडवीतली जुनी गादी उन्हात टाकायला काढली. तंबू मोडला तेव्हा वाटणीत आलेली ती गादी, आत घोड्याचे केस भरलेली, कुबट वासाची. तिला उंदीर लागले की काय ते बघायचे होते, दुसरा काही हेतू नव्हता. फ्रेया मांडवातून उठली, आली, आणि गादीच्या कडेला पाय दुमडून बसली. तिने गादी बोटाने दाबून पाहिली. मग एकाएकी बोलू लागली.

ती त्याच्याशी बोलत होती खरी, पण त्याला कळावे म्हणून बोलत नव्हती. कळणार नाही म्हणूनच बोलत होती. भराभर, मान खाली घालून, इंग्रजीत. स्तामेन गादीच्या दुसऱ्या कडेला हळूच टेकला. नुसता आवाज वाहत होता, आणि त्यात मधूनच एखादा ओळखीचा शब्द वर यायचा.

राउंड-ऑफ. हँडस्प्रिंग. हँडस्प्रिंग. मग ट्विस्ट, आणि तिने बोट हवेत फिरवले. एकदा नाही, दोनदा. म्हणजे नवी उडी होती, दोन गिरक्यांची. मग "स्पॉटर". स्तामेनचे कान टवकारले. पोरीने तळहाताने हवा ढकलली, कोंबडी हुसकावतात तशी. "गो," ती म्हणाली. "गो, गो." आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. पुन्हा राउंड-ऑफ, हँडस्प्रिंग, ट्विस्ट, आणि मग ओळखीचा शब्दच आला नाही. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरले. थोड्या वेळाने "मम", म्हणजे आई, आणि पुन्हा "स्पॉटर", आणि ती रडू लागली.

स्तामेनला सगळे कळले. एकेका शब्दावर पाय ठेवत ओढा ओलांडावा तसा तो पलीकडे पोचला. दोन गिरक्या आपल्या आपण मारून दाखवायच्या म्हणून तिनेच त्या माणसाला बाजूला हो म्हटले. तो झाला. ती पडली. आईने त्याला घालवले, आणि हुसकावले मीच, हे ती आईला सांगू शकली नाही. एप्रिलपासून हे एवढेसे पोर ते एकटे उरावर वागवत होते.

त्याला ओरडून सांगावेसे वाटले की अगं वेडे, खाली उभ्या असलेल्या माणसाने उडणाऱ्याचे कधी ऐकायचे नसते! तंबूतला पहिला नियम आहे हा. उडणारा रागावतो, शिव्या देतो, चल हट म्हणतो; खालचा हलत नाही. इलिया त्याला मनोऱ्यावरून शिव्या घालायचा, आणि तो समोरच्या रांगेकडे बघत उभा राहायचा. तुझे म्हणणे मोजायचेच नव्हते. हलला तो चुकला. पण यातला एक शब्द त्याच्या इंग्रजीत नव्हता.

फ्रेयाने नाक पुसले आणि त्याच्याकडे दचकून पाहिले, जणू तो तिथे आहे हे तिला आत्ता दिसले. "अंडरस्टँड?" तिने विचारले. तिचा आवाज घाबरलेला होता.

हा शब्द त्याला चांगला येत होता. त्याने सरळ, खरे उत्तर दिले. मान आडवी हलवली. हो, पोरी, समजले.

फ्रेयाने लांब श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले, चेहरा निवळला, आणि ती चक्क हसली. तेव्हा स्तामेनच्या ध्यानात आले की तिने ते 'नाही' असे वाचले. त्याने तोंड उघडले, आणि मिटले.

संध्याकाळी बिस्त्राने विचारले, "काय केलंत दोघांनी दिवसभर?"

"काय करणार? मला कुठे इंग्रजी येतं," स्तामेन म्हणाला. बिस्त्राने ते पोरीला सांगितले आणि पोरगी ताटात बघून हसली.

दुसऱ्या दिवसापासून फ्रेया आपणहून त्याच्याकडे येऊ लागली. तो शेंगा सोलत बसला की शेजारी बसायची आणि बोलत राहायची; शाळेतले, मैत्रिणींचे, बापाचे, देव जाणे कशाचे. स्तामेन मूग गिळून बसायचा. अधूनमधून एखादी उडी बोलण्यात यायची, पण चेहऱ्यावर तो काही दिसू द्यायचा नाही. खालच्या माणसाला ते जमते. एकदा तिने त्याच्या खांद्याला पाठ टेकली आणि तशीच बोलत राहिली. असे सुख त्याला रुसाना गेल्यापासून मिळाले नव्हते.

त्या सुखाचीच त्याला लाज वाटू लागली. पोरगी खळखळून बोलायची, पण मनगट चोळायची सवय सुटली नव्हती, आणि आई क्लबातल्या त्या माणसाचे नाव घेऊन तणतणली की ती हातातला घास ताटात ठेवायची. तो नेवेना बाईकडे गेला.

"चूक तुझी नव्हती. कसं म्हणायचं?"

बाईने चष्म्यावरून पाहिले. "कुणाची? कसली चूक?"

"विचारू नका, बाई."

बाईने विचारले नाही. इट वॉज नॉट युअर फॉल्ट. पाच शब्द. या खेपेस त्याने पेन्योला टाळून मागच्या गल्लीने घर गाठले आणि एकही शब्द सांडू दिला नाही. पण फाटक उघडले, फ्रेया मांडवातून धावत आली, "द्यादो!" म्हणाली आणि बोलायला लागली, आणि वाक्य त्याच्या तोंडातच राहिले. सांगितले की हिला कळणार, मला सगळे समजले होते. मग ही पुन्हा माझ्याजवळ कशाला बसेल? उद्या सांगू. उद्या आला, तेव्हाही त्याने उद्याच म्हटले. म्हातारा माणूस, एवढ्या वर्षांनी घरात बोलणे ऐकू येत होते, लोभ सुटला. त्याला नावे ठेवायची तर ठेवा, मला ठेववत नाहीत.

असे करता करता जायचा दिवस आला. बस उभी होती, बिस्त्रा बॅगा बसच्या पोटात टाकून घेत होती. फ्रेयाने या वेळी गालाला गाल लावला तो लगेच काढला नाही. तिचा एक पाय पायरीवर गेला आणि स्तामेनला वाटले, ही आता हे ओझे तसेच घेऊन चालली.

"फ्रेया," तो म्हणाला. "इट वॉज नॉट युअर फॉल्ट." आणि मग, चुकून दुसरे काही समजेल म्हणून, "स्पॉटर. नो गो. नेव्हर."

ती वळली. आधी तिला काही कळलेच नाही असे दिसले. मग कानांपासून मानेपर्यंत ती लाल झाली. "यू अंडरस्टूड?"

स्तामेनने जन्मभराची सवय मोडून मान बळेच खाली-वर केली, त्यांच्यासारखी.

फ्रेया क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसली. बस निघाली तेव्हा अलीकडच्या खिडकीतून बिस्त्राने हात हलवला. पोरीची फक्त शेंडी दिसत होती, आणि ती वळली नाही.

पहिल्या रविवारी फोनवर बिस्त्रा एकटीच होती. पोरगी बाहेर गेली आहे म्हणाली. पुढच्या रविवारीही बाहेर होती. त्यापुढच्या रविवारी बिस्त्राने हवापाणी सांगितलेच नाही.

"बाबा, फ्रेयानं मला सगळं सांगितलं. तिनंच त्याला बाजूला हो म्हटलं होतं."

"हं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मला बोलला नाहीत?"

"तिनं ते मला सांगितलं होतं, बिस्त्रा. तुला नव्हतं."

बिस्त्रा म्हणाली, "मी क्लबात जाऊन आले. चूक त्याचीही होतीच, पण मी त्याला पार चोर ठरवलं होतं. ते मी मागे घेतलं. परत येतोय तो. फ्रेयाही जायला लागली. परवा नुसत्या साध्या उड्या मारल्या, पण मारल्या."

"छान झालं," स्तामेन म्हणाला. "फार छान झालं. कुठाय ती? दे जरा."

"आतल्या खोलीत आहे."

"मग दे की."

"नको म्हणते, बाबा." बिस्त्राने नजर बाजूला वळवली. "रागावलेली नाही हो. मी विचारलं तर म्हणाली, आधी द्यादोंना काही समजायचं नाही, म्हणून बोलता यायचं. आता त्यांना सगळं समजतं."

अंगणात पेन्योची कोंबडी शिरली होती, ती हुसकावायचेही स्तामेनला सुचले नाही.

"तिला सांग," शेवटी तो म्हणाला, "मला उड्यांचे शब्द तेवढे येतात. बाकी खरंच काही येत नाही."

बिस्त्राने मान वळवून आतल्या खोलीकडे ते इंग्रजीत ओरडून सांगितले. दोघेही थांबले. आतून उत्तर आले नाही. एरवी बिस्त्रा अशा वेळी, बरं मग, ठेवते, असे म्हणायची. आज तिने फोन कशाला तरी टेकवून समोर उभा केला, खुर्ची ओढली, आणि जन्मात कधी विचारले नव्हते ते विचारले, "तुम्ही जेवलात का, बाबा?"